चोविसावा गुरू

श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपल्या चोवीस गुरूंची नावे सांगतो. पृथ्वी, वायू, आकाश यांपासून निघालेली ही यादी कपोत, अजगर, पतंग, मधमाशी, हत्ती, हरीण, मासा असे टप्पे घेत अखेरीस सर्प, कोळी आणि पेशस्कृत् यांच्यापाशी येऊन थांबते. यांपैकी पहिल्या तेवीस गुरूंविषयी अभ्यासकांना फारशी अडचण पडत नाही. चोविसाव्याच्या बाबतीत मात्र आपल्याकडील टीपाकार, भाषांतरकार आणि प्राध्यापक हे तिघेही गेली कित्येक वर्षे एका विलक्षण बेफिकिरीने वागत आले आहेत. त्या बेफिकिरीविषयी येथे काही लिहावयाचे आहे. प्रश्न एका कीटकाच्या नावाचा आहे, हे खरे. परंतु ज्या वाङ्मयाने त्या कीटकाला गुरुपद दिले, त्या वाङ्मयाच्या अभ्यासकांनी तो प्रश्न क्षुल्लक मानावा, यात काहीतरी विपरीत आहे.

पेशस्कृत् म्हणजे कुंभारीण. भिंतीच्या कोपऱ्यात, तुळईखाली, खिडकीच्या चौकटीत ओल्या मातीचे इवलेसे मडके घडविणारी, गांधीलमाशीच्या कुळातली ही माशी महाराष्ट्रातील जुन्या घरांतून सर्वांच्या परिचयाची होती. ‘पेशस्’ म्हणजे रूप, आकार, घडण. ते करणारी ती पेशस्कृत्. संस्कृत नावात कारागिरी आहे आणि मराठी नावातही कारागिरीच आहे. ती एक अळी पकडून आणते, मातीच्या घरात कोंडते, भयाने त्या अळीचे चित्त माशीवर खिळून राहते आणि त्या अखंड ध्यासाने ती अळी स्वतःच माशी होऊन बाहेर पडते, असा हा दृष्टांत आहे. सातव्या स्कंधात नारद युधिष्ठिराला शिशुपालाच्या सद्गतीचे कोडे उलगडून सांगतात, तेथेही तो आला आहे. वैराने आणि भयानेही तद्रूपता साधते, हे त्याचे तात्पर्य. पैठणच्या एकनाथांनी शके 1495 मध्ये, म्हणजे 1573 साली, काशीत पूर्ण केलेल्या आपल्या भागवतटीकेत अवधूताचे हे गुरू मराठीत आणले. उत्तरेत कबीराच्या परंपरेने भृंगी आणि कीट यांची जोडी सद्गुरू व शिष्य यांच्यासाठी घराघरांत नेली.

आता आपल्या टीपा पाहाव्यात. विद्यार्थ्यांच्या हाती पडणाऱ्या आवृत्त्यांतून ‘भृंगी’चा अर्थ सर्रास ‘भुंगा’ असा दिलेला आढळतो. इंग्रजी भाषांतरांत तो कमळावर गुंजारव करणारा भ्रमर होतो किंवा सरळ मधमाशीच होते. या घोटाळ्याचे मूळ जुने आहे, हे मान्य केले पाहिजे. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या ‘विवेकचूडामणी’त याच दृष्टांतासाठी भ्रमर हाच शब्द योजिला आहे. परंतु भागवतकाराने मधुकर आणि पेशस्कृत् हे दोन वेगळे गुरू मानले आहेत, त्यांच्यापासून घेतलेले धडेही वेगळे सांगितले आहेत. फुलाफुलांतून थोडे थोडे घेणारी मधमाशी भिंतीवर अळी कोंडीत नाही. मूळ ग्रंथाने काळजीपूर्वक केलेला भेद टीपेत पुसून टाकावयाचा आणि वर त्याला अर्थनिर्णय म्हणावयाचे, हा प्रकार पाठभेदाच्या बाबतीत आपण कधी खपवून घेतला नसता.

दिल्लीतील वर्गात हा भाग शिकविताना विद्यार्थ्यांना विचारले असता बहुतेकांनी ‘मधमाशी’ हेच उत्तर दिले. एका विद्यार्थिनीने आपल्या आजीच्या तोंडचा ‘कुंभारीण’ हा शब्द काढला. एकाने ‘अंजनहारी’ म्हटले, दुसऱ्याने ‘बिलनी’. हिंदी कोशात हे दोन्ही शब्द या माशीसाठी आहेत, पापणीवर उठणाऱ्या रांजणवाडीलाही तीच नावे आहेत, आणि ‘कुम्हारी’ हा मराठीचा सख्खा भाऊ शोभावा असा शब्दही आहे. पाऊण तासाच्या त्या चर्चेत दृष्टांताच्या तत्त्वज्ञानावर एकही वाक्य बोलले गेले नाही. परंतु तो तास वाया गेला असे मला वाटत नाही.

वस्तुस्थिती काय आहे? कुंभारीण या नावाखाली आपण दोन-तीन तऱ्हेच्या माश्या एकत्र करतो. काळ्या-पिवळ्या रंगाची, तारेसारख्या बारीक कमरेची एक माशी मातीच्या नळ्या एकमेकींना चिकटवून बांधते आणि त्यांत कोळी भरते. (यादीत कोळी आणि पेशस्कृत् शेजारी शेजारी बसले आहेत, हा शेजार कोळ्याला कितपत मानवला असता कोण जाणे.) दुसरी गोल, अरुंद गळ्याचे, ओठ काढलेले, कुंभाराच्या चाकावरून उतरल्यासारखे सुबक मडके करते आणि त्यात अळ्या ठेवते. भागवतातील माशी ही दुसरी असावी. नांगीने ती भक्ष्य ठार करीत नाही, लुळे करते. मेलेले भक्ष्य कुजून जाईल, लुळे पडलेले ताजे राहते. मडक्याच्या आत, छतापासून एका सूक्ष्म तंतूला टांगून, ती एक अंडे घालते. खालच्या अळ्यांच्या वळवळीने ते चिरडू नये, यासाठी ही योजना. फ्रान्समधील कीटकनिरीक्षक झाँ आंरी फाब्र (1823–1915) याने या टांगलेल्या अंड्याचे वर्णन मोठ्या कौतुकाने केले आहे. त्या अंड्यातून निघालेली अळी साठविलेले अन्न खाते, कोषात जाते, आणि काही दिवसांनी मातीचे दार फोडून नवी माशी बाहेर येते. आत गेली ती अळी, बाहेर आली ती माशी, एवढे पाहणाऱ्याने अळीच माशी झाली असे म्हटले तर त्याला अडाणी म्हणता येणार नाही. ओली माती लिंपताना ही माशी अंग थरथरवून जोराने गुणगुणते. त्या गुणगुणण्याला परंपरेने उपदेश मानले. कानांनी ऐकलेले खरे होते, डोळ्यांनी पाहिलेलेही खरे होते. फक्त बंद मडक्यात घडणारी मधली गोष्ट कोणी पाहिली नव्हती.

नेमक्या याच मधल्या गोष्टीने एकोणिसाव्या शतकातील युरोपात एक वेगळे वादळ उठविले. चार्ल्स डार्विनने 22 मे 1860 रोजी अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे याला लिहिलेल्या पत्रात, जिवंत सुरवंटाचे शरीर आतून खाऊन वाढणाऱ्या परोपजीवी गांधीलमाश्यांचा दाखला दिला आहे. दयाळू आणि सर्वशक्तिमान ईश्वराने असा जीव बुद्धिपुरस्सर निर्माण केला असेल, हे आपल्याला पटत नाही, असा त्याचा आशय आहे. तुलनात्मक वाङ्मयाचा अभ्यास करणाऱ्यांनी ही दोन स्थळे शेजारी ठेवून पाहावीत. एकाच कुळातील जीव: एका परंपरेत तो मुक्तीचा गुरू, दुसऱ्या परंपरेत श्रद्धेच्या वाटेवरील धोंडा. आपल्या परंपरेला त्यातील क्रौर्य दिसले नाही, कारण तिच्या समजुतीप्रमाणे अळीचा नाश झालाच नव्हता, उद्धार झाला होता. डार्विनला क्रौर्याखेरीज काही दिसणे कठीण होते, कारण त्याच्या काळच्या धर्मविचाराने सृष्टीतील प्रत्येक रचनेत ईश्वराच्या दयेचा पुरावा शोधण्याचा हट्ट धरला होता. माशीने मात्र दोन्ही ठिकाणी आपल्या अपत्यासाठी अन्न साठविण्यापलीकडे काहीही केले नव्हते.

येथे एका पळवाटेचा उल्लेख करणे आवश्यक आहे. अळीचे मांस खाऊनच माशीचे शरीर घडते, तेव्हा द्रव्याच्या पातळीवर अळी खरोखरच माशी होते, सबब आपल्या पूर्वजांना हे सारे ठाऊक होते, असा युक्तिवाद हल्ली केला जातो. तो चतुर आहे, पण दृष्टांतावर अन्याय करणारा आहे. ध्यासाने ध्येयरूप होणे आणि खाल्ले जाऊन पचणे यांत जर आपल्याला फरक दिसत नसेल, तर भक्तिवाङ्मय शिकविण्याचे आपण सोडून द्यावे हे बरे. दृष्टांत निसर्गशास्त्राच्या दृष्टीने चुकीचा आहे, आणि काव्य म्हणून समर्थ आहे. दोन्ही विधाने एकाच टीपेत सुखाने नांदू शकतात.

याच जातीचे दुसरे उदाहरण उंबराचे आहे, आणि ते माझ्या मते अधिक हृद्य आहे. तुकोबांच्या एका अभंगात उंबरातील किड्याचा दाखला आला आहे. त्या किड्याला ते फळ हेच ब्रह्मांड वाटते. अशी फळे झाडावर किती, अशी झाडे पृथ्वीवर किती! मनुष्याच्या ज्ञानाची मर्यादा सांगणारा हा दाखला कूपमंडूकाच्या जुन्या कथेपेक्षा कितीतरी मोठा पल्ला घेतो. उंबरातल्या या किड्यांना मराठीत ‘केंबरे’ असा स्वतंत्र शब्द आहे. उंबर फोडून केंबरी उडविणे हा वाक्प्रचारही, झाकलेले उघडे पाडण्याच्या अर्थाने, आपल्याकडे होता. आज केंबरे म्हणजे काय हे सांगू शकणारा पदव्युत्तर विद्यार्थी विरळा.

केंबरे म्हणजेही गांधीलमाशीच्याच व्यापक गणातील जीव, दीड-दोन मिलिमीटर लांबीचे. उंबराचे फळ म्हणून आपण जे ओळखतो, ती वस्तुतः आतल्या बाजूला वळलेल्या शेकडो फुलांची बंद कुपी असते. तिच्या टोकाच्या सूक्ष्म छिद्रातून मादी आत शिरते. वाट इतकी अरुंद की त्या प्रयत्नात तिचे पंख तुटतात. आतल्या फुलांना ती बरोबर आणलेले पराग देते, काहींत अंडी घालते आणि तेथेच मरते. पुढच्या पिढीतील नर आधी बाहेर येतात. त्यांना पंख नसतात, दृष्टीही नसल्यासारखीच. माद्यांशी संग करून, फळाच्या भिंतीत त्यांच्यासाठी भुयार खणून, ते त्याच फळात आयुष्य संपवितात. माद्या मात्र पराग घेऊन त्या भुयारातून बाहेर पडतात आणि एक-दोन दिवसांच्या आयुष्यात दुसरे उंबर शोधतात. वाऱ्यावर वाहत त्या किती दूर जाऊ शकतात, याचे एक मोजमाप आफ्रिकेतील नामिब वाळवंटात झाले आहे. तेथील उंबराच्याच जातभाईची माशी 160 किलोमीटरपर्यंत पराग नेते असे 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. तेव्हा तुकोबांचा दाखला नराच्या बाबतीत अक्षरशः खरा आहे. मादीच्या बाबतीत तो साफ उलटा होतो. ब्रह्मांड फोडून बाहेर पडणारी आणि दुसऱ्या ब्रह्मांडात शिरणारी अशी ती आहे. मराठीत आणि हिंदीत ‘उंबराचे फूल’ आणि ‘गूलर का फूल’ दुर्मिळ दर्शनासाठी म्हणतात, कारण ते कोणी पाहिलेले नसते. केंबरे आपला जन्मच त्या फुलांत काढतात.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रेनी बोर्जेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच उंबराच्या आश्रयाने जगणाऱ्या माश्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. फळात न शिरता बाहेरूनच छिद्र पाडून आत अंडी घालणाऱ्या एका परोपजीवी जातीच्या अंडी घालण्याच्या सुईच्या टोकाला जस्ताची बळकटी असते, असे तेथील संशोधनात 2014 साली दाखविले गेले. केसाहून बारीक सुई, आणि तिला धातूचे टोक! मर्ढेकरांच्या पिढीला ही माहिती मिळाली असती तर मराठी नवकवितेत तिचे काय झाले असते, हा विचार मनात येतो.

नवी दिल्लीच्या रस्त्यांवर उंबर, पिंपळ आणि पिलखन ही वडाच्या कुळातील झाडे मुबलक आहेत. उंबर पिकले की पदपथावर फळांचा सडा पडतो, माणसांचे पाय चिकटतात, आणि झाड कापण्याची मागणी होते. फळात किडे असतात ही तक्रार त्यात हटकून असते. ते किडे नसतील तर बी धरणार नाही. पोपट, धनेश, हरोळी आणि रात्री फळे खाण्यास येणारी वटवाघळे ही सारी त्या दीड मिलिमीटरच्या जीवावर पोसली जातात. जनपथावरील अर्जुनवृक्षांवर दिवसा उलटी लटकणारी मोठी वटवाघळे अनेकांनी पाहिली असतील. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पाचव्या अनुसूचीत फळे खाणारी वटवाघळे कावळे, उंदीर यांच्यासमवेत ‘उपद्रवी’ म्हणून नोंदली गेली होती. 2022 च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच काढून टाकली. कायद्याने पन्नास वर्षांनी जे केले, ते आपल्या म्हणींनी आणि पाठ्यपुस्तकांनी अजून केलेले नाही.

गांधीलमाशीच्या वाट्याला तर अनुसूचीतील अपकीर्तीही आली नाही. तिच्या वाट्याला फवारणी आली. आम्ही राहतो त्या वसाहतीत दर उन्हाळ्यात औषध फवारणारा माणूस बोलाविला जातो आणि जिन्याखालची कागदासारखी पोळी, खिडकीवरची मातीची मडकी, असे सगळे एकाच नळीखाली जाते. मातीचे घर करणारी माशी एकटी राहते, पोळ्याच्या रक्षणासाठी धावून येत नाही आणि मुठीत धरल्याखेरीज सहसा डसत नाही, हे सांगून पाहिले. “साहब, है तो ततैया ही,” असे उत्तर मिळाले. तो माणूस निदान जात ओळखत होता. आमच्या टीपाकारांपेक्षा तो बरा. सामाजिक गांधीलमाशीचे भय निराधार आहे, असे मी म्हणत नाही. ‘गांधील’ या उच्चारासरशी अंगावर उठणाऱ्या गांधी आठवाव्यात, इतका तिचा दंश झोंबरा असतो. काहींना तो प्राणघातकही ठरतो. जेथे लहान मुलांचा वावर आहे तेथले पोळे काढावेच लागेल. माझा आक्षेप सरसकटपणाला आहे.

दिल्लीत हलवायाच्या दुकानात जिलबीच्या परातीवर घोटाळणाऱ्या, तांबूस अंगाच्या, पोटावर पिवळा पट्टा असलेल्या मोठ्या गांधीलमाश्या सर्वांनी पाहिल्या आहेत. हलवाई त्यांना फडक्याने हाकतो, मारीत नाही. त्याही त्याला सहसा डसत नाहीत. दोघांमध्ये काही करार झाला असावा. या जातीच्या पिवळ्या पट्ट्यातील रंगद्रव्य सूर्यप्रकाशाचे विजेत रूपांतर करू शकते, असे तेल अवीव विद्यापीठातील संशोधकांनी 2010 साली दाखविले. भर उन्हात, माणसे सावली शोधत असताना, त्या का कामाला लागतात याचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

गांधीलमाश्यांचे समर्थन आजकाल त्यांच्या उपयुक्ततेवरून केले जाते. ते खोटे नाही. पपईवरील पिठ्या ढेकणाने 2008 पासून दक्षिणेत आणि पुढे महाराष्ट्रातही बागा उजाड होऊ लागल्या, तेव्हा 2010 साली प्वेर्तो रिकोहून आणलेल्या चिमुकल्या परोपजीवी माश्यांनी त्याला आवर घातला. ऊस आणि कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याला ‘ट्रायकोकार्ड’ हा शब्द आता समजावून द्यावा लागत नाही. परंतु उपयुक्ततेची भाषा ही शेवटी मालकाची भाषा आहे. चाकरी केली तर राहा, एरवी निघा. अवधूताने पेशस्कृत्‌ला काय उपयोगाची म्हणून विचारले नव्हते. तिच्यापासून काय शिकता येईल, एवढेच त्याने पाहिले. त्याचे पाहणे अपुरे होते, हे वर आलेच आहे. तरीही एका क्षुद्र मातीच्या घरासमोर थांबून राहण्याची जी वृत्ती त्यामागे आहे, ती मला शेतीखात्याच्या हिशेबापेक्षा अधिक टिकाऊ वाटते.

आधुनिक मराठीत ही वृत्ती अगदी नाहीशी झालेली नाही. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (1956) आणि व्यंकटेश माडगूळकरांची वानरांच्या टोळ्यांवरची ‘सत्तांतर’ (1982) ही नावे कोणालाही आठवतील. 2025 साली निवर्तलेल्या मारुती चितमपल्लींनी रानातल्या शब्दांचा जो साठा मराठीला दिला, त्याला तोड नाही. तथापि पक्षी, वृक्ष आणि मोठे प्राणी यांच्या खाली हा ओघ सहसा उतरत नाही. कीटकांसाठी आपल्याकडे पक्षिकोशाच्या तोडीचे काही नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, फेब्रुवारी 2025 मध्ये दिल्लीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, या दोन्ही घटनांचा आनंद मला इतरांइतकाच झाला. त्या निमित्ताने अनेक प्रकल्पांच्या घोषणा कानांवर येतात. त्यांत संतवाङ्मयातील प्राणी व वनस्पती यांच्या नावांचा एक चोख कोश असावा, आणि तो करणाऱ्यांत भाषेच्या अभ्यासकांबरोबर एखादा कीटकशास्त्रज्ञ बसलेला असावा, अशी माझी सूचना आहे. दिल्लीत ही सोय हाताशी आहे. पुसा येथील भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत कीटकांचा राष्ट्रीय संग्रह आहे, आणि तेथील पेट्यांत टाचणीला लावलेला चोविसावा गुरू कोणालाही डोळे भरून पाहता येईल.

तो कोश होईपर्यंत निदान एवढी टीप छापावी: भृंगी, पेशस्कृत् – कुंभारीण, हिंदी अंजनहारी, बिलनी, कुम्हारी, मातीचे घर करणारी, एकाकी राहणारी गांधीलमाशी, भुंगा किंवा मधमाशी नव्हे, घरात कोंडलेली अळी तिच्या पिलाचे अन्न असते, घर पावसाळ्यानंतर रिकामे आढळल्यास मोडू नये, दुसऱ्या जातीची निळी माशी त्यात पुष्कळदा बिऱ्हाड करते.